शिक्षणाचे बजेट: भाषण राहू द्या, ३६ आणि ३१ बघा

जुनी_खातेवही

नमस्कार मंडळी,

विधिमंडळाचे २०२५ चे पावसाळी अधिवेशन संपले. पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पूरक मागण्या मांडल्या गेल्या, आणि "यंदा शिक्षणाला दिले किती?" यावरून इथल्या दुसऱ्या धाग्यावर जी जुंपली ती आपण सगळ्यांनी पाहिलीच. तिघांनी तीन आकडे दिले. गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. म्हणून हा वेगळा धागा.

मी अर्थतज्ज्ञ नाही. पंचायत समितीच्या लेखा शाखेत २६ वर्षे शिक्षणाची देयके पास केली, आक्षेप काढले, आक्षेपांना उत्तरे दिली. वरून आलेला पैसा खाली कसा उतरतो आणि कुठे अडतो, एवढेच पाहिले आहे.

पहिला घोटाळा भाषणाचा. दहा मार्चला अजित पवारांनी २०२५-२६ चे जे भाषण केले त्यात आणि त्याआधीच्या सगळ्या भाषणांत एक ठरलेले वाक्य असते: "अमुक विभागास इतका नियतव्यय प्रस्तावित आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात तोच आकडा "शिक्षणाला इतके कोटी" म्हणून येतो. तो कार्यक्रम खर्चाचा आकडा असतो, म्हणजे योजनांचा. २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर हा जुना भेद गेला, त्याजागी कार्यक्रम खर्च आणि अनिवार्य खर्च असे शब्द आले, पण भाषणाची सवय तीच राहिली. शिक्षकांचे पगार अनिवार्य खर्चात बसतात, ते भाषणात येत नाहीत. म्हणून भाषणात दोन-तीन हजार कोटी ऐकू येतात आणि विभागाचे अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडले की त्याच्या कितीतरी पट रक्कम दिसते. एकजण म्हणतो सरकारने शिक्षण वाऱ्यावर सोडले, दुसरा म्हणतो पैशाचा पूर आलाय.

पुस्तक कुठले? आपल्या राज्यात प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर असते. शालेय शिक्षण व क्रीडा म्हणजे ई. त्यातली मागणी क्रमांक ई-२, सामान्य शिक्षण, ही आपल्या कामाची. तिच्या पोटात मुख्य शीर्ष २२०२, म्हणजे शिक्षणाच्या खर्चाचा हिशेबातला क्रमांक. त्याखाली ०१ प्राथमिक, ०२ माध्यमिक, ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण. यातले उच्च शिक्षण मात्र ई मध्ये नाही, ते डब्ल्यू विभागाच्या पुस्तकात आहे. इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ खाली. निवृत्त गुरुजींचे पेन्शन २०७१ खाली. आता सांगा, "शिक्षणाचा खर्च" म्हणजे यातले काय काय धरायचे? ज्याने जे धरले त्याचा तो आकडा.

आता मुद्द्याचे. पुस्तकात नवखा माणूस "वेतन" शोधतो. उद्दिष्ट शीर्ष (पैसा कशावर जातो ते सांगणारा क्रमांक) ०१ वेतन, तिथे रक्कम छोटी दिसते आणि तो खूश होतो, म्हणजे उरलेले सगळे शाळांना जाते तर! तसे नाही. जिल्हा परिषदेचे आणि खासगी अनुदानित शाळेचे शिक्षक शासनाच्या थेट पगारपत्रकावर नाहीत. शासन संस्थेला अनुदान देते, त्या अनुदानातून पगार होतो. म्हणून हा पगार "३६, सहायक अनुदाने (वेतन)" या नावाने बसतो, आणि ०१ मध्ये राहतात फक्त संचालनालयापासून खालची शासकीय कार्यालये वगैरे. त्याच्या शेजारीच "३१, सहायक अनुदाने (वेतनेतर)". वर्गातला खडू, वीज, झाडू, नळ, प्रयोगशाळेतली परीक्षानळी हे सगळे त्या ३१ मध्ये. माझी विनंती एवढीच, की एकूण बेरीज सोडा, कुठलीही दोन वर्षे घ्या आणि ३६ व ३१ शेजारी मांडा. जाडजूड ३६ च्या पायाशी ३१ कसे बसलेले आहे ते दिसेल.

पगारावर खर्च वाईट, असे मी म्हणत नाही. शाळा म्हणजे आधी शिक्षकच. पण "बजेट वाढले" म्हणताना वाढले ते काय, हे विचारायला नको?

दुसरी गोष्ट रकान्यांची. प्रत्येक ओळीला चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अंदाज. समजा गेल्या मार्चला एका योजनेला १०० रुपये ठरवले. वर्षभरात देता देता ते ८२ वर आले, तोच सुधारित अंदाज. येत्या वर्षाला १०४ ठेवले. विरोधक म्हणणार, जेमतेम ४ टक्के वाढ. सत्ताधारी म्हणणार, सुधारितच्या तुलनेत जवळजवळ २७ टक्के वाढ. दोघांचे गणित बरोबर. पण मी लेखा शाखेत बसलेला माणूस, मला फक्त ते ८२ दिसते, कारण पुढच्या वर्षीही १०४ चे ८५ होणार याची मला खात्री असते. पहिला रकाना, प्रत्यक्ष रकमांचा, कोणीच वाचत नाही. खरे तर खर्च झाला किती ते तिथेच छापलेले असते.

आणि वेतनाच्या ओळीत १०० चे १०४ झाले तर ती वाढ नव्हेच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वार्षिक वेतनवाढ ३ टक्के, वर महागाई भत्ता. माणसे तेवढीच ठेवली तरी ४ टक्क्यांत भागत नाही. भागले असेल तर माणसे कमी झाली असे समजावे.

इथेच एक चमत्कार घडतो. शिक्षक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, वेतनाची तरतूद वाचते. मार्चमध्ये ती रक्कम "बचत" म्हणून परत जाते. कागदावर काटकसर, शाळेत चौथीचा वर्ग तिसरीत बसवलेला. जागा भरलीच तर शिक्षण सेवक येतो, प्राथमिकला १६,००० मानधन. हे मानधनसुद्धा १ जानेवारी २०२३ पासूनचे, त्याआधी ६,००० होते. तीन वर्षे तो निम्म्याहून कमी पैशात पूर्ण काम करतो, ती पण बचतच.

बाकी प्रतिसादांत. ज्यांच्याकडे आपल्या शाळेचे, जिल्ह्याचे आकडे आहेत त्यांनी जरूर लिहा.

---

वांद्र्याचा_बोका

वाचनखूण साठवली. काका, एक शंका. मी मुंबईचा. आमच्या महापालिकेचे शिक्षणाचे बजेट वेगळेच सादर होते, २०२५-२६ ला ३,९५५ कोटी. ते तुमच्या २२०२ मध्ये धरलेय का?

---

जुनी_खातेवही

नाही, ते महापालिकेच्या स्वतःच्या पैशांचे. राज्याचे अनुदान म्हणून जेवढे येणे असते तेवढेच २२०२ मध्ये दिसेल, आणि ते वेळेवर येत नाही ही पालिकेची जुनी तक्रार आहे. म्हणूनच "राज्य दर मुलामागे किती खर्च करते" हा आकडा मी कधी छातीठोकपणे सांगत नाही. मुंबईचे मूल पालिकेच्या पैशावर, माझ्या तालुक्यातले जिल्हा परिषदेच्या मार्गे येणाऱ्या राज्याच्या पैशावर, डोंगरातले आश्रमशाळेत आदिवासी विकास विभागाच्या पैशावर. आश्रमशाळा ई मध्ये नाहीतच, टी मध्ये आहेत. सामाजिक न्यायाच्या निवासी शाळा एन मध्ये. अंगणवाड्या महिला व बालविकासाच्या एक्स मध्ये. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा केला, पण त्यातली पहिली तीन वर्षे एका विभागाच्या पुस्तकात आणि पुढची दुसऱ्याच्या.

---

गणोबा

एवढे लिहिण्यापेक्षा एका ओळीत सांगायचे, लाडकी बहीणला ३६ हजार कोटी आहेत आणि शाळेला खडूला पैसे नाहीत. संपला विषय.

---

तिरपी_रेघ

गणोबा, विषय संपत नाही, सुरू होतो. त्या ३६ हजार कोटींच्या विरोधात मीही आहे, पण कुठल्या ओळीतून काय वळवले हे दाखवल्याशिवाय नुसते ओरडून उपयोग नाही. मे महिन्यात सामाजिक न्यायाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासाचे ३३५ कोटी त्या योजनेकडे गेले, हे कागदावर आहे. त्यावर बोला ना. शालेय शिक्षणाची अशी ओळ तुम्हाला सापडली असेल तर द्या.

---

गणोबा

म्हणजे मी बोललो तेच. फक्त तुम्ही आकडे लावून बोललात.

---

संपादक

योजनेच्या राजकारणावर वेगळा धागा आहे. इथे शिक्षणाच्या तरतुदीपुरतेच लिहावे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

सौ_टक्के

आयडीवर हसू नका, तेच आमचे आयुष्य आहे. धागाकर्त्यांनी तरतुदीचा विषय काढला म्हणून सविस्तर लिहितो.

मी अंशतः अनुदानित शाळेत आहे, २००७ पासून. शाळा सुरू झाली तेव्हा परवानगीपत्रावर "कायम विनाअनुदानित" असे होते, म्हणजे अनुदान कधीच नाही. २००९ मध्ये त्यातला "कायम" शब्द काढला. आम्ही पेढे वाटले होते, खरेच. मग मूल्यांकन, याद्या, त्रुटी, पुन्हा याद्या. २०१६ मध्ये २० टक्के सुरू झाले. म्हणजे माझ्या नियमित पगाराच्या पाचव्या भागावर नऊ वर्षांनी शासनाने सही केली. तोपर्यंत संस्था जे देईल ते आणि सुट्टीत शेती. पुढे ४०, मग ६०.

आता खरी गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२४ ला शासन निर्णय निघाला, पुढचा वाढीव २० टक्के टप्पा मंजूर. दुसऱ्या दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. जीआर सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरला, सत्कार झाले, फलक लागले. पगारात मात्र छदाम वाढला नाही. कारण जीआर होता, तरतूद नव्हती. डिसेंबरच्या अधिवेशनात नाही, मार्चच्या अर्थसंकल्पात नाही. विचारले की उत्तर ठरलेले, "निर्णय झालेला आहे ना!" शेवटी ८ आणि ९ जुलैला पावसात आझाद मैदानावर बसलो तेव्हा हालचाल झाली आणि ९७० कोटींना मंजुरी मिळाली.

खातेवही साहेब, मला तुमच्याकडून एक समजून घ्यायचे आहे. तरतूद नसताना जीआर निघतोच कसा? त्यावर वित्त विभागाची सहमती असते ना?

---

जुनी_खातेवही

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. २००७ ते २०१६ हा हिशेब माझ्या टेबलावरून गेलेल्या अनेक फायलींत होता, पण फायलीत सुट्टीतली शेती लिहिलेली नसते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शासन निर्णय हा प्रशासनाचा आदेश. पैसा मात्र राज्याच्या एकत्रित निधीतून विधिमंडळाने विनियोजन कायदा केल्याशिवाय निघत नाही. मधल्या काळात खर्च उभा राहिला तर पूरक मागणी आणावी लागते. राज्यघटनेत २०३ पासून २०५ पर्यंतची कलमे याचीच आहेत. म्हणजे जीआर हा वायदा आणि तरतूद हा धनादेश. वित्त विभागाची सहमती असली तरी ती पुष्कळदा "तरतूद उपलब्ध करून घेण्याच्या अटीवर" अशी असते. आमच्याकडे जीआर आला की वरिष्ठ लिपिक पहिल्यांदा शेवटचा परिच्छेद वाचायचे. "सदर खर्च मागणी क्रमांक अमुक, लेखाशीर्ष तमुक याखाली मंजूर तरतुदीतून भागवावा" असे वाक्य असेल तर फाईल हलवायची. ते वाक्य नसेल, किंवा "तरतूद उपलब्ध करून घेण्यात येईल" असे असेल, तर फाईल खालच्या कप्प्यात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मला तरी त्याने कधी फसवले नाही.

आणि एक. ९७० कोटी मंजूर झाले ही बातमी आहे. ते ३६ मध्ये किती महिन्यांचे धरले आहेत हे पुढच्या मार्चच्या पुस्तकात बघा. वर्षाच्या मध्यावर सुरू झालेला खर्च पुढच्या वर्षी पूर्ण बारा महिन्यांचा होतो. तिथे आकडा त्या प्रमाणात वाढलेला नसेल तर पुन्हा मैदानावर जावे लागेल.

---

सौ_टक्के

शेवटचा परिच्छेद आधी वाचायचा. आमच्या संघटनेच्या ग्रुपवर टाकतो हे.

---

विश्वस्त_नावाला

दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी ठेवून. छोट्या अनुदानित शाळेच्या संस्थेवर आहे. वर ३१ चा उल्लेख झाला. आम्हाला वेतनेतर अनुदान वेतनाच्या काही टक्के मिळते, पण ते आजच्या वेतनावर नव्हे, जुन्या वेतन आयोगाच्या हिशेबाने. वीजबिल मात्र आजचे. पंखे लावायचे की प्रयोगशाळेचे साहित्य आणायचे, अशी निवड दर जूनला. पालकांकडून घेतले तर डोनेशन, नाही घेतले तर गळके छत.

आमच्या संस्थेची दुसरी शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदानाशिवाय चालणारी आहे, तिथे आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याखाली मोफत प्रवेश मिळालेली) २५ टक्के मुले. शासन एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती देते, असे कागदावर. दोन-तीन वर्षे मागे असते. करोनाच्या काळात तर दरच ८,००० वर आणला होता. मुलांना प्रवेश देऊ नये असे माझे मत मुळीच नाही. पण ही थकबाकी कुठल्या ओळीत दिसते ते धागाकर्त्यांनी सांगावे.

---

आईसाहेब

विश्वस्त साहेब, तुमची थकबाकी समजते. पण २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली होती, तेव्हा खासगी शाळांच्या संघटना उच्च न्यायालयात कुठल्या बाजूने उभ्या होत्या? आम्ही पालक त्या चार महिन्यांत फॉर्म भरून हवालदिल झालो होतो. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून माझा मुलगा आज शाळेत आहे. तुमच्या थकबाकीचा राग माझ्या मुलावर निघतो हो. वर्गात "आरटीईवाला" म्हणतात त्याला.

---

विश्वस्त_नावाला

ताई, तुमच्या मुलाला असे म्हणणारा शिक्षक असेल तर त्याला काढायला हवे. मी त्या याचिकेत नव्हतो, पण प्रश्न रास्त आहे.

---

जुनी_खातेवही

थकबाकी कुठल्या ओळीत दिसते? कुठल्याच नाही. ही आपल्या अर्थसंकल्पाची मोठी खोड आहे. तो रोखीवर चालतो. या वर्षी पैसे दिले तरच खर्च. द्यायचे राहिले ते पुस्तकात नसते, ते समोरच्याच्या वहीत असते. म्हणून प्रतिपूर्तीची तरतूद नुसती बघून काही कळत नाही. जिल्ह्यातली आरटीईची एकूण मुले गुणिले १७,६७० करा आणि तरतुदीशेजारी ठेवा. कमी पडते ती पुढच्या वर्षीची थकबाकी. मग पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून आधी मागचे देणार, पुन्हा चालू वर्षाचे कमी पडणार. गिरणीत दळण मागे पडले की दुपारी येणाऱ्याचे संध्याकाळी आणि संध्याकाळच्याचे उद्या, तसे.

---

तिरपी_रेघ

शिक्षणावर सहा टक्के खर्च करा या कोठारी आयोगाच्या शिफारशीचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून आश्चर्य वाटले.

---

गणोबा

मी करणार होतो, प्रतिसाद उडेल म्हणून गप्प बसलो. सहा टक्के सांगितले होते, १९६६ ला. आपले राज्य बजेटच्या त्याहून जास्त टक्के देते असे वाचले आहे. मग रडता कशाला?

---

तिरपी_रेघ

हाच गोंधळ होईल असे वाटलेच. ते सहा टक्के राष्ट्रीय उत्पन्नाचे, सरकारच्या बजेटचे नव्हेत. केंद्र आणि सगळी राज्ये मिळून. २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. बजेटमधला वाटा ही वेगळी गोष्ट. यंदा राज्याचे एकूण बजेट सात लाख कोटींच्या पुढे आहे, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटी. बजेट कर्ज काढून फुगले तर शिक्षणाचा टक्का घसरतो, शिक्षणाचा रुपया कमी न होताही. आणि बजेट आकसले तर टक्का आपोआप वाढतो. टक्क्यांवरून भांडायचे तर कशाचे टक्के हे आधी ठरवा.

बाय द वे, केंद्राचा वाटाही राज्याच्या पुस्तकातून जातो. समग्र शिक्षा ही केंद्र-राज्याची शालेय शिक्षणाची योजना ६०:४०, त्यातले ६० केंद्राचे, पण खर्च दिसतो राज्याच्या २२०२ मध्ये. केंद्राने हप्ता उशिरा दिला की राज्याचा "खर्च" कमी दिसतो. राज्याने आपले ४० अडकवले की केंद्राचा पुढचा हप्ता अडकतो. मग दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

---

डोंगरातली_शाळा

इतके दिवस नुसती वाचत होते. आज खाते उघडून लिहितेय. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते पाचवी. सध्या दोन शिक्षकी फक्त नावाला, दुसरे सर फेब्रुवारीत निवृत्त झाले. काका, तुमची "बचत" ती आमचीच.

तुम्ही वरून खाली बघताय, मी खालून वर सांगते. आमच्याकडे शासनाचे पैसे तीन वाटांनी येतात.

पोषण आहार. तांदूळ येतो, बाकी साहित्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, मे महिन्यापासून. आधी ६.१९ होते. यात डाळ, तेल, भाजी आणि गॅस किंवा सरपण. अंडे देत होतो, तर जानेवारीत कळवले की अंड्यासाठी वेगळा निधी नाही, लोकसहभागातून द्यावे. आमचे लोक उसाला जातात, त्यांच्याकडे सहभाग मागायला मी कुठे जाऊ, कारखान्याच्या फडावर? मुले मात्र अजून बुधवारी विचारतात. बुधवार आणि अंडे हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले आहे.

गणवेश. मागच्या वर्षी एक राज्य एक गणवेश होते. कापड वरून कापून आले आणि बचत गटाकडून शिवून घ्यायचे. पहिलीच्या पोराला चौथीचा सदरा, काहींच्या चड्डीला नाडी नाही. डिसेंबरात तो निर्णय मागे घेतला, यंदा पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे, गणवेशाला ३०० रुपये. तीनशेत शिलाईसकट गणवेश होतो का, हे कोणा शिंप्याला विचारून बघा. पण मापाचा तरी होतो.

आणि तिसरी वाट म्हणजे संयुक्त शाळा अनुदान. हे तुमच्या ३१ चे अगदी शेवटचे टोक असावे. मुलांच्या संख्येवर असते. तीसपर्यंत १०,०००. एकतीस ते शंभर २५,०००. यातूनच वीज, खडू, फिनेल, रजिस्टर, दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर असा नियम. गेल्या वर्षी माझी मुले २९. म्हणजे वर्षाला दहा हजार. त्यातले अर्धे दिवाळीनंतर आले, उरलेले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तालुक्याहून फोन, "मॅडम, ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या." चार दिवसांत मी काय खर्च करणार? तेव्हा घेतलेले फिनेल अजून पुरते आहे. मीटर मात्र जानेवारीत कापले होते, तेव्हा खात्यात पैसे नव्हते.

---

वांद्र्याचा_बोका

ताई, लिहीत राहा. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. (काका, माफ करा.)

---

जुनी_खातेवही

माफी कसली, खरेच आहे. आणि मार्चमधल्या त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला काही वर्षे मीच होतो, हेही कबूल करतो. आम्हाला जिल्ह्याहून तसाच फोन यायचा.

मॅडम, पैसे मार्चमध्ये का येतात त्याचे कारण सांगतो. तरतूद एप्रिलपासून असते, पण वित्त विभाग ती एकदम मोकळी करत नाही, टप्प्याने करतो. कुठल्या विभागाला किती मोकळे झाले आणि त्यातले किती खर्च पडले हे शासनाच्या बीम्स या प्रणालीवर कोणालाही बघता येते. तिथे लेखाशीर्ष टाकून महिन्यागणिक बघितले तर डिसेंबरपर्यंत रेघ जमिनीला चिकटलेली आणि मार्चला सुळक्यासारखी वर, असे चित्र पुष्कळ योजनांचे दिसते. वेतनाचे तसे होत नाही, ते दरमहा सरळ जाते, कारण ते थांबले तर मोर्चा निघतो. फिनेल थांबले म्हणून मोर्चा निघत नाही. कात्री कुठे लागते हे यावरून ओळखा.

---

विश्वस्त_नावाला

मग कमी पटाच्या शाळा एकत्र करण्यात चूक काय? दहा हजारांची दहा अनुदाने वाटण्यापेक्षा एक धड शाळा चालेल. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत असा आकडा २०२३ मध्ये समूह शाळांच्या वेळी आला होता.

---

डोंगरातली_शाळा

सर, नकाशात दोन शाळांमधले अंतर तीन किलोमीटर दिसते. मधला ओढा नकाशात बारीक निळा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या आणि पहिलीच्या मुलीला घेऊन पलीकडे जाऊन दाखवा.

---

विश्वस्त_नावाला

बरोबर आहे. सरसकट म्हणायला नको होते. वाहतूक भत्त्याचा खर्च धरला तर बचत किती उरते तेही कोणी मांडलेले मी पाहिलेले नाही.

---

सौ_टक्के

डोंगरातली ताई, यंदा पट किती?

---

डोंगरातली_शाळा

एकतीस! दोन मुले नवीन आली, आजोळी राहायला. मी जूनपासून मनात पंचवीस हजारांचे बेत करतेय. आधी मीटर, मग मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार.

---

जुनी_खातेवही

मॅडम, जरा थांबा. अनुदान मागच्या वर्षीच्या यूडायसच्या (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीच्या) पटावर येते. म्हणजे यंदा दहा हजारच. एकतीसचा फायदा पुढच्या वर्षी, आणि तोही ३० सप्टेंबरला एकतीस भरले तर. उसाला जाणारी घरे तोपर्यंत गावात असतात ना?

---

डोंगरातली_शाळा

असतात. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात.

---

जुनी_खातेवही

मग त्या दोन नव्या मुलांची आधार कार्डे जुळली आहेत का ते आजच बघा. आधार वैध नसेल तर मूल संचमान्यतेच्या (शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याच्या) पटात धरत नाहीत, आणि तुमच्या दुसऱ्या शिक्षकाचे पदही त्याच पटावर आहे.

---

डोंगरातली_शाळा

पाहिले. मुलीचे जुळते आहे. मुलाच्या नावात शाळेत दुसरी वेलांटी आहे, आधारवर पहिली. सोमवारी त्याच्या आजीला घेऊन तालुक्याला जाते.